दोन सामन्यांमधले दिवस

(माजी विद्यार्थी मेळाव्यात शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीनं मला १५ मिनिटं दिली आहेत आणि बाहेर चहा उकळतोय, त्यामुळे प्रस्तावना आवरती घेतो. ‘तू फिजिओथेरपिस्ट आहेस, तर पन्नाशीच्या गुडघ्यांवर बोल,’ असा मला निरोप होता. आज सभागृहाचा जिना चढताना आमच्या १९९४च्या दहावीतल्या किती जणांनी कठडा धरला, ते मी मागून पाहिलंय. त्यांच्याशी जेवणाच्या वेळी बोलेन. आत्ता मला १५ वर्षांच्या गुडघ्यांवर बोलायचं आहे.

यंदापासून आपण आपल्या संघातर्फे शाळांसाठी फुटबॉल चषक सुरू करतो आहोत. चांगली गोष्ट आहे. कात्रज, आंबेगाव, धनकवडी, कोंढवा या भागात आता इतक्या शाळा आहेत की ८ संघ मिळायला त्रास होणार नाही. ठरलंय असं : शनिवारी ४ सामने, रविवारी सकाळी दोन्ही उपांत्य सामने, दुपारी जेवण, ४ वाजता अंतिम सामना, ६ वाजता बक्षीस समारंभ. पहिल्या बैठकीत हे मांडलं गेलं तेव्हा मीही हात वर केला होता. घरी येऊन वहीत आकडे मांडले, तेव्हा लक्षात आलं की अंतिम फेरीत पोहोचणारा मुलगा साधारण ३० तासांत ३ सामने खेळणार आहे. तो हात आज मला खाली घ्यायचा आहे.

हे मी एका ज्येष्ठ सभासदांना फोनवर सांगितलं. त्यांनी अगदी पुणेरी प्रश्न विचारला : ‘विश्रांती दिली की संघ जिंकतो, असं सिद्ध झालंय का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर ‘नाही’ असं आहे. आधी ते ‘नाही’ नीट सांगतो, कारण ते लपवून मी तुमच्याकडे काही मागितलं तर ती फसवणूक होईल.

आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं उदाहरण घेऊ. खेळ कबड्डीचा आहे, पण मुद्दा तोच. १ मार्च २०२४ला हैदराबादेत पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या स्पर्धेचा नियम असा होता की साखळीतले पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जातील आणि बाकीच्या चौघांना आधी एक जादा सामना खेळावा लागेल. पुणे पहिलं होतं, जयपूर दुसरं. हे दोघे बसून राहिले आणि २६ फेब्रुवारीला पाटणा आणि हरियाणा यांनी आपापले जादा सामने जिंकले. दोनच दिवसांनी, २८ तारखेला, उपांत्य सामने झाले. ताज्या दमाच्या पुण्यानं दमलेल्या पाटण्याला ३७-२१ असं सहज हरवलं. मी घरात टाळ्या वाजवत म्हणालो, ‘बघा, विश्रांतीचा परिणाम!’ त्याच संध्याकाळी तेवढीच विश्रांती घेतलेल्या जयपूरला, तेवढ्याच दमलेल्या हरियाणानं ३१-२७ असं घरी पाठवलं. माझ्या टाळ्यांमधली हवा गेली.

एकाच दिवशी, एकाच मैदानावर, एकाच नियमाखाली दोन उलटे निकाल. शिवाय पुणे जिंकलं ते विश्रांतीमुळे की मुळात संघच सगळ्यांत चांगला होता म्हणून? साखळीत त्यांचे ९६ गुण होते. चांगले खेळले म्हणून त्यांना विश्रांती मिळाली, मग त्यांच्या विजयाचं श्रेय आपण विश्रांतीला कसं देणार? वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस म्हणून पेन दिलं आणि पुढच्या वर्षी तीच पहिली आली, तर कोणी त्या पेनाला श्रेय देत नाही.

आता फुटबॉलकडे येतो. १३ मार्च २०२१, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. कोरोनामुळे त्या वर्षी सगळी स्पर्धा गोव्यातच झाली, त्यामुळे प्रवासाचा शीण कोणालाच नव्हता. एका बाजूला मुंबई सिटी, दुसऱ्या बाजूला एटीके मोहन बागान. मुंबईचा उपांत्य फेरीचा दुसरा सामना ८ तारखेला झाला होता आणि बागानचा ९ला. म्हणजे मुंबईला एक दिवस जास्त मिळाला. पण मुंबईचा तो सामना गोव्याविरुद्ध १२० मिनिटं चालला आणि पेनल्टीवर ६-५ असा सुटला. बागानचा ९० मिनिटांतच आटोपला. आता विश्रांती कोणाची जास्त? एक दिवस मोजायचा की ती ३० मिनिटं? अंतिम सामन्यात बागाननं १८व्या मिनिटाला आघाडी घेतली, त्यांच्याच बचावपटूकडून स्वयंगोल झाला, आणि ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल करून मुंबईला २-१ असं जिंकून दिलं. निकाल शेवटच्या मिनिटात लागला. त्याचं कारण विश्रांती होती, असं म्हणायला मी धजावणार नाही.

तिसरं उदाहरण जरा दुखरं आहे. २०२३चे आशियाई खेळ, चीनमधलं हांगझोऊ. आपला फुटबॉल संघ १८ सप्टेंबरच्या संध्याकाळी तिथे उतरला आणि १९च्या संध्याकाळी यजमान चीनविरुद्ध मैदानात होता. मध्ये एक रात्र. चीननं गोल केला, राहुल के. पी.नं पूर्वार्ध संपता संपता तो फेडला. हाफटाइमला १-१. उत्तरार्धात आपल्यावर ४ गोल झाले, त्यातले ३ सत्तराव्या मिनिटानंतर. पाय कधी जड झाले ते धावफलकावरच दिसत होतं. पण पुढची गंमत बघा. दोनच दिवसांनी, २१ तारखेला, हाच संघ बांगलादेशाशी खेळला आणि सुनील छेत्रीच्या ८५व्या मिनिटाच्या पेनल्टीवर १-० असा जिंकला. २४ला म्यानमारशी १-१ बरोबरी झाली. नंतर २८पर्यंत चांगली विश्रांती मिळाली आणि सौदी अरेबियाकडून ०-२ हरला. विश्रांती कमी असताना जिंकलो, जास्त असताना हरलो, कारण समोर कोण उभं आहे हेही असतंच की!

तुम्ही म्हणाल, चार-दोन सामन्यांवरून काय ठरतं? म्हणून ज्यांनी शेकड्यांनी सामने मोजले त्यांच्याकडे जाऊ. विन्चेन्झो स्कोप्पा या इटालियन अर्थशास्त्रज्ञानं विश्वचषक आणि युरो स्पर्धांचे सामने तपासून २०१५मध्ये निष्कर्ष छापला : आजच्या फुटबॉलमध्ये एका संघाला एक-दोन दिवस जास्त मिळाल्यानं निकालावर सांगण्यासारखा फरक दिसत नाही. १९९०च्या आधी मात्र तो दिसत होता. पूर्वी संघांची शारीरिक तयारी आजच्याइतकी नव्हती, असं त्याचं कारण दिलं जातं. त्यात आता ५ बदली खेळाडूंचा नियमही आला आहे.

अमेरिकेतल्या त्यांच्या त्या अंड्याच्या आकाराच्या चेंडूच्या फुटबॉलमध्येही असंच निघालं. तिथे प्रत्येक संघाला मोसमात एक आठवडा मोकळा मिळतो. त्या आठवड्यानंतरच्या सामन्यात पूर्वी फायदा दिसायचा, पण २०११नंतर तो जवळजवळ नाहीसा झाला. २०११मध्ये काय झालं? खेळाडूंच्या संघटनेशी नवा करार झाला आणि त्या मोकळ्या आठवड्यात खेळाडूंना सलग ४ दिवस सक्तीची सुट्टी द्यायचं ठरलं. म्हणजे पूर्वीचा फायदा विश्रांतीचा नसून जादा सरावाचा असावा, असा एक तर्क आहे. मला तो पटतो.

तेव्हा त्या ज्येष्ठ सभासदांना माझं उत्तर : जादा विश्रांतीनं व्यावसायिक संघ हमखास जिंकतो असं नाही. व्यावसायिक संघ थोड्या विश्रांतीतही जवळपास तेवढंच धावून दाखवतो.

पण किंमत कोण देतो, हा पुढचा प्रश्न आहे. मी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे मला तोच आधी दिसतो.

ग्रेगरी द्युपाँ हे फ्रेंच संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या युरोपीय क्लबचे दोन मोसम तपासले आणि २०१०मध्ये निष्कर्ष छापले. आठवड्याला एक सामना आणि आठवड्याला दोन सामने, अशी तुलना केली. खेळाडू किती अंतर धावले, किती वेगानं धावले, यात फारसा फरक नाही. पण दुखापती बघा. आठवड्याला एक सामना असताना खेळाच्या दर १००० तासांमागे ४.१ दुखापती. आठवड्याला दोन सामने असताना २५.६. सहापट! त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ७२ ते ९६ तास विश्रांती खेळ टिकवायला पुरते, पण शरीर सांभाळायला पुरत नाही. युरोपातल्या अनेक क्लबांच्या दुखापतींची वर्षानुवर्षं नोंद ठेवणाऱ्या स्वीडनच्या संशोधकांनाही २०१३मध्ये हेच आढळलं : सामने दाटीनं आले तरी निकाल फारसे बदलत नाहीत, पण स्नायूंच्या दुखापती वाढतात.

हे मी दवाखान्यात रोज बघतो. सामन्यानंतर स्नायूंमधला साखरेचा साठा भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. स्नायूंचे बारीक तंतू तुटलेले असतात, त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असतं. धावण्याचा पूर्ण वेग यायलाही ७२ तास लागू शकतात. मुलाला हे कळत नाही. त्याला बरं वाटत असतं, समोर चषक असतो, आई-बाबा कडेला उभे असतात. तो धावतो. आणि तो धावतोय म्हणून आपल्याला वाटतं की त्याला काही झालेलं नाही. धावफलकावर थकवा दिसत नाही, हीच यातली मेख आहे.

आता एक गोष्ट सांगतो. ज्याची आहे तो इथे, याच सभागृहात बसला आहे आणि त्याला विचारूनच सांगतो आहे. त्यानं एकच अट घातली : ‘माझं नाव घ्यायचं नाही आणि रडायचं नाही.’

आम्ही दहावीत होतो. पुण्यात एका मैदानावर दोन दिवसांची शालेय स्पर्धा होती. आपल्या शाळेला पहिल्यांदाच बोलावणं आलं. ११ जणांत बूट ७ जणांकडे, बाकीचे कॅनव्हासवर. कात्रजहून पीएमटीनं, मांडीवर चेंडूची जाळी घेऊन आम्ही गेलो. पहिल्या दिवशी दोन सामने जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उपांत्य सामना टायब्रेकरवर जिंकलो. अंतिम सामना दुपारी ३ला. आपले पी.टी.चे सर संयोजकांकडे गेले आणि म्हणाले, ‘पोरं उभी राहू शकत नाहीत. अंतिम सामना पुढच्या रविवारी ठेवा.’ उत्तर मिळालं की मैदान आजच्यापुरतंच आहे आणि पाहुणे ५ वाजता येणार आहेत. सर परत आले, काही बोलले नाहीत. प्रत्येकाला अर्धं केळं दिलं.

शेवटची १० मिनिटं राहिली होती. आमचा सेंटर फॉरवर्ड हेडरसाठी उडाला, एका पायावर खाली आला आणि वळला. त्याच्याजवळ कोणी नव्हतं, कोणी धक्का दिला नाही. मी २० पावलांवर होतो, तरी तो आवाज मला ऐकू आला. पुढे शिकायला गेल्यावर त्या आवाजाचं नाव मला कळलं. तेव्हा सगळ्यांनी ‘लचक’ म्हटलं, गरम पट्टी बांधली, तेल चोळलं. एमआरआय वगैरे आपल्यासारख्यांच्या कानावरही नव्हतं. सामना आम्ही हरलो, ते जाऊ द्या. त्याला पोलिसांत जायचं होतं. चार वर्षांनी तो भरतीला उभा राहिला, लेखी परीक्षेची तयारी उत्तम होती, आणि धावण्यात गुडघा निसटला.

आता प्रामाणिकपणे सांगतो. विश्रांती मिळाली असती तर तो गुडघा वाचला असता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. ताज्या दमाच्या खेळाडूंचेही लिगामेंट तुटतात. एका गुडघ्यावरून काही सिद्ध होत नाही, जसं एका पुणेरी पलटणवरून होत नाही. पण तिसऱ्या सामन्यात, दमलेल्या पायावर, मांडीचे स्नायू जेव्हा गुडघ्याला वेळेवर धरत नाहीत, तेव्हा आपण त्या मुलाची शक्यता आपल्या हातानं वाईट करत असतो, एवढं मी नक्की सांगू शकतो. तेही मैदानाच्या भाड्यासाठी आणि पाहुण्यांच्या वेळेसाठी.

व्यावसायिक खेळाडूच्या मागे डॉक्टर, मसाजवाला, आहारतज्ज्ञ, विमा आणि पगार असतो. त्याच्या शरीराची किंमत त्याला मिळत असते. आपल्या चषकात खेळणाऱ्या मुलामागे केळी असतात. शिवाय तो फक्त आपल्या स्पर्धेत खेळत नाही. हल्ली चांगला खेळणारा मुलगा शाळेकडून खेळतो, क्लबकडून खेळतो, अकादमीत सराव करतो. प्रत्येक कोचला फक्त आपले सामने माहीत असतात. माझ्याकडे मूल आलं की मी पहिला प्रश्न विचारतो : गेल्या १४ दिवसांत किती सामने झाले? आई एक आकडा सांगते, बाबा दुसरा सांगतात, आणि मूल तिसरा सांगतं. खरा तिसराच असतो.

शाळेत असताना आपल्या सगळ्यांना एकदा तरी कात्रजच्या तळ्यावर नेलं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यात, इथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी नेलं. पंप नव्हता, नुसता उतार. त्या नळाच्या वाटेवर ठरावीक अंतरानं उच्छ्वास बांधले आहेत. काही अजून उभे आहेत. सरांनी तेव्हा सांगितलं होतं : नळात हवा कोंडली, गाळ साठला तर नळ फुटतो किंवा तुंबतो. म्हणून मध्ये मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवली. उच्छ्वासांमुळे पाणी लवकर पोहोचत नव्हतं. पण त्यांच्यामुळे नळ टिकला. विश्रांतीबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते याहून वेगळं नाही. ती जिंकण्यासाठी द्यायची नाही, मूल टिकावं म्हणून द्यायची.

आता माझी मागणी. नुसतं भाषण करून जाणार नाही.

आपला चषक दोन दिवसांऐवजी तीन रविवारी घ्यावा. पहिल्या रविवारी ४ सामने, दुसऱ्या रविवारी दोन उपांत्य, तिसऱ्या रविवारी अंतिम. सामने तेवढेच, ७. दोन सामन्यांच्या मध्ये पूर्ण आठवडा. आणि अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांना सारखीच विश्रांती. आत्ताच्या वेळापत्रकात सकाळचा पहिला उपांत्य सामना जिंकणाऱ्याला दुसऱ्यापेक्षा तास-दीड तास जास्त मिळतो. मोठ्यांच्या स्पर्धेत कदाचित त्यानं फरक पडत नसेल. पण एकाच दिवसात दुसरा सामना खेळणाऱ्या मुलांना तो पडतो, आणि तो चिठ्ठीवर ठरू नये.

खर्च वाढेल, हे मला माहीत आहे. मैदान तीन वेळा घ्यावं लागेल, पंचांना तीन वेळा मानधन द्यावं लागेल. त्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. मांडव आणि फ्लेक्स फक्त तिसऱ्या रविवारी लावू. आणि चषक दोन बोटं कमी उंचीचा घेऊ, कोणाच्या लक्षातही येणार नाही. आमच्या तुकडीनं एका रविवारच्या मैदानाचा खर्च उचलायचं काल रात्रीच व्हॉट्सॲपवर ठरवलं आहे. उरलेल्या एका रविवारसाठी १९८९च्या आणि २००१च्या तुकड्यांकडे मी आशेनं बघतो आहे. २००१वाले, खाली बघू नका.

तीन रविवार अगदीच जमले नाहीत, तर किमान एवढं करा : सामने छोटे ठेवा, बदली खेळाडू हवे तितके आणि हवे तेव्हा घेऊ द्या, आणि कोणत्याही मुलाला एका दिवसात एकाहून जास्त पूर्ण सामना खेळवू नका. मैदानावर बर्फ, पाणी आणि मी असेन. पैसे घेणार नाही, चहा घेईन.

शेवटचं एक. सर आज इथे आलेत. मगाशी पाया पडायला गेलो तेव्हा मी त्यांना हा विषय सांगितला. त्यांनी विचारलं, ‘तो आलाय का?’ मी बोट दाखवलं. सर काठी घेऊन उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. अजून तिथेच बसले आहेत. त्या दुपारी सरांनी पुढचा रविवार मागितला होता, तो त्यांना मिळाला नाही. आज मैदान ठरवणारे आपण आहोत आणि पाहुण्यांची वेळही आपल्याच हातात आहे. तो रविवार आपण देऊ या.

चला, चहा निवतोय.